सुतो आणि सूत

जपानमध्ये भांडणालाही ऋतू असतो. आपल्याकडे माणूस बाराही महिने भांडायला मोकळा, इथं तसं चालत नाही. मार्च लागला की टीव्हीवर दोन बातम्या जोडीनं येतात. साकुरा, म्हणजे चेरीची झाडं, कुठल्या गावात कधी फुलणार ही एक, आणि कामगारांच्या युनियन कंपन्यांशी बोलायला कधी बसणार ही दुसरी. ह्या दुसरीला 'शुंतो' म्हणतात, म्हणजे वसंतातला लढा. दोन्ही बातम्या सांगणारी बाई एकच, तिचा फिकट गुलाबी कोटही तोच, आणि दोन्हींसाठी तिचं हसूही तेवढंच. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की लढासुद्धा डोंगराच्या दक्षिण उतारावर आधी फुलतो आणि मग हळूहळू उत्तरेकडे सरकतो.

परवा सकाळी ती पुन्हा दिसली. मी हिवाळ्याचे कोट कपाटात टाकत होते. डांबराच्या गोळ्यांचा वास, खिडकीतून येणारा गार वारा, आणि भिंतीपलीकडून फुमिको-सानची शिंक. आमच्या भिंती इतक्या पातळ आहेत की शेजारच्या शिंकेला मी इकडून 'काळजी घ्या' म्हणते आणि त्या तिकडून 'थँक्यू' म्हणतात. ह्या दिवसांत देवदाराचे पराग हवेत सुटतात आणि अख्खा देश नाक धरून बसतो. साकुराच्या कविता करणाऱ्यांनी ह्या शिंकांबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, हे मला कधीपासून खटकतंय.

आमचं गाव नागोयापासून ट्रेननं थोडं वर, लोकरीचं कापड विणणारं. करवतीच्या दात्यांसारखी छपरं असलेल्या जुन्या मिल्स, मध्ये एखादं भाताचं खाचर, आणि पावसात ओल्या लोकरीचा मेंढीसारखा वास. मी अशाच एका मिलमध्ये मागांच्या देखभालीची इंजिनिअर आहे, करारावर. आडनाव माने. जपानीत 'माने' म्हणजे नक्कल. पहिला आठवडाभर लोकांना वाटत होतं की हे माझं टोपणनाव असावं आणि विचारणं बरं दिसणार नाही. मिलच्या पाठीमागं कंपनीनं कामगारांसाठी बांधलेली बैठ्या लाकडी घरांची ओळ आहे. इथं तिला 'शाताकु' म्हणतात. मी चाळ म्हणते. नवरा नागोयाला गाड्यांच्या कंपनीत जातो आणि रोज परतताना म्हणतो, आपण नागोयातच फ्लॅट घेऊ या. मी रोज म्हणते, बघू. त्याला कळत नाही की मी अशाच एका ओळीत जन्मले आहे, फक्त ती सोलापूरच्या बाजूला होती आणि तिथं शिंका परागांच्या नव्हत्या, कापसाच्या होत्या.

आमची आई सूत गिरणीत कामाला होती. रिंग खात्यात, तुटलेला धागा जोडायला. गिरणीचं क्वार्टर, गिरणीचा भोंगा, गिरणीचं दुकान, इतकंच काय, गणपतीसुद्धा गिरणीचाच. भोंगा झाला की सगळ्या घरांतून एकदम स्टोव्ह पेटायचे. मग कधीतरी संप झाला. तो इतका लांबला की आम्हा पोरांना वाटायला लागलं, संप हेच आईबापांचं नवं काम आहे. आई रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जायची आणि संध्याकाळी घसा बसवून परत यायची. शेवटी गिरणीच बंद पडली, क्वार्टर गेलं आणि आम्ही गावात भाड्याच्या खोलीत आलो. एवढं होऊनही 'संप' हा शब्द ऐकला की आजही आई पदर खोचते.

काही वर्षांपूर्वी, अशाच एका वसंतात, आई पहिल्यांदा जपानला आली. वडील गेल्यानंतर मी मागंच लागले होते, शेवटी स्वतः जाऊन घेऊन आले. तिच्या बॅगेत शेंगाचटणी, काळा मसाला, ज्वारीचं पीठ आणि पांढऱ्या सुताचा एक भला मोठा कोन. सुताशिवाय आई प्रवास करत नाही. लोणच्याच्या बरणीचं तोंड बांधायचं, फुलं ओवायची, साबणाची वडी कापायची, सगळं सुतानं. विमानतळावरच्या साहेबानं तो कोन हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला, वास घेतला आणि विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, आईला लागतं. त्यानं मान तुकवून परत दिला. आईला जपान तिथंच आवडला.

आई आणि फुमिको-सान यांचं सूत पहिल्याच दिवशी जुळलं. फुमिको-सान मिलच्या रफू खात्यात. विणलेल्या कापडातली चूक सुईनं दुरुस्त करायची. म्हणजे दोघींचा धंदा तुटलेलं जोडण्याचाच. आई त्यांना फुमाबाई म्हणायची. त्या जपानीत बोलायच्या, आई मराठीत, आणि दोघी एकमेकींना बरोबर उत्तरं द्यायच्या. माझी मुलगी इरा आजीशी जपानीत बोलते. तिचं आजीला कळत नव्हतं, पण फुमाबाईंचं कळत होतं. ह्यावरून इरा रुसली होती. कचऱ्याचं वर्गीकरणही आईला मी शिकवलं नाही, फुमाबाईंनी शिकवलं. बाटलीचं बूच वेगळं, वेष्टन वेगळं, बाटली वेगळी. आई म्हणाली, "एवढं सोवळं तर तुझ्या आजीनंही पाळलं नाही."

आणि ह्याच दिवसांत कंपनीची नोटीस आली. चाळ जुनी झाली आहे, तरी ती पाडून पार्किंग करण्याचा विचार आहे, आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल अंतःकरणपूर्वक क्षमस्व. आम्हाला काय, नवरा त्या रात्री गुणगुणत भांडी घासत होता. खरी पंचाईत फुमिको-सानची. त्या लग्न होऊन ह्या चाळीत आल्या, त्यांचा नवरा ह्याच चाळीत वारला, आणि चाळ पडली की त्यांना मुलाकडे दूर इचिकावाला जावं लागणार होतं. मुलगा चांगला आहे. सून चांगली आहे. फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे आणि त्यांना मिळणारी खोली वॉशिंग मशीनच्या शेजारी आहे. "मी आयुष्यभर मागाच्या आवाजात झोपले," त्या मला म्हणाल्या, "पण तो आपला आवाज होता. हे मशीन काम संपलं की गाणं म्हणतं." त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. पराग, त्या म्हणाल्या. मीही हो म्हटलं.

त्या वर्षीच्या शुंतोत आमच्या मिलच्या युनियननं पगाराच्या जोडीला एकच मागणी घातली, चाळ पाडू नका. बोलणी कुठं चालली होती? कॉफीच्या दुकानात. ही आमच्याकडची जुनी रीत. मिलमध्ये मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून मालक लोक गिऱ्हाइकाला कॉफी पाजायला बाहेर न्यायचे, आणि दुकानवाले सकाळच्या कॉफीबरोबर टोस्ट आणि उकडलेलं अंडं फुकट द्यायला लागले. त्याला 'मॉर्निंग' म्हणतात. त्या महिन्यात खिडकीपाशी मिलचे मॅनेजर ओगुरा-सान आणि त्यांच्यासमोर युनियनचे अध्यक्ष कातो-सान असे रोज बसायचे. दोघं अतिशय सभ्य. आधी दोघांची अंडी सोलून व्हायची. मग कातो-सान म्हणायचे, घरांचं काय? ओगुरा-सान डोळे मिटून दातांमधून हवा आत ओढायचे. इथं त्याचा अर्थ 'अवघड आहे' असा होतो. मग दोघं एकमेकांना मीठ द्यायचे. महिनाभर अंडी संपत होती, प्रश्न तिथल्या तिथे.

शेवटी संप ठरला. रीतसर कळवून, सकाळी आठ ते नऊ. मी करारावरची, युनियनची सभासद नाही. ओगुरा-साननी मला बोलावून सांगितलं, "माने-सान, तुम्ही नेहमीसारख्या आत या. संकोच वाटून घेऊ नका." कातो-साननी वेगळं बोलावून तेच सांगितलं, तेवढ्याच वाकून. मी मात्र घरी एक पक्कं ठरवलं होतं. काहीही झालं तरी आईसमोर संप हा शब्द काढायचा नाही. ती पिठलं-भाकरी घेऊन गेटवर जाऊन बसली असती आणि माझा करार तिथंच भाजून खाल्ला असता.

आदल्या संध्याकाळी मी लॅपटॉपवर मागाचा एक नकाशा बघत होते. आई मेथी निवडत म्हणाली, "फुमाबाई आल्या होत्या. उद्या सूत पाहिजे म्हणाल्या."

"हं."

"सकाळी आठला, गेटवर. चांगलं दोन-तीनदा म्हणाल्या, 'अश्ता, सुतो.' गेटाकडं बोट पण दाखवलं."

"दे मग," मी म्हटलं. माझं अर्धं लक्ष नकाशात. अश्ता म्हणजे उद्या, आणि 'सुतो' म्हणजे स्ट्राइक, ह्या इंग्रजी शब्दाच्या जपानी 'सुतोराइकी'चं शेपूट तोडून उरलेलं तोंड. दिवसभर मिलमध्ये तो शब्द मी पन्नासदा ऐकला होता. पण आईच्या तोंडून आल्यावर तो मला सूतच वाटला. गिरणीवालीच्या मुलीला दुसरं काय वाटणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी जोराचा वारा सुटला होता. मी ओगुरा-सानच्या शेजारी गेटच्या आत उभी. बाहेर आमचेच लोक, कपाळाला पांढऱ्या पट्ट्या, दंडाला लाल फिती, तोंडाला परागांसाठी मास्क. समोर बालवाडी असल्यामुळे घोषणा हळू आवाजात द्यायच्या असं आधीच ठरलं होतं. कातो-सान कुजबुजल्यासारखं म्हणायचे, "चाळ वाचवा," आणि बाकीचे त्याहून हळू म्हणायचे, "वाचवा." मध्येच कुणीतरी शिंकायचं आणि माफी मागायचं. मागण्यांचं कापड गेटच्या दोन खांबांच्या मध्ये बांधलं होतं, त्याची एक दोरी वाऱ्यानं तुटली आणि फुमिको-सान ते टोक दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. अशा वेळी चाळीच्या बाजूनं आई आली. नऊवारी, स्वेटर, पायात माझे बूट, आणि काखेत सुताचा कोन.

तिनं कपाळावरच्या पट्ट्या पाहिल्या, लाल फिती पाहिल्या, फडफडणारं कापड पाहिलं, आणि मग गेटच्या आत साहेबाशेजारी उभी असलेली तिची लेक पाहिली.

"हे सूत नव्हे गं," ती म्हणाली. "हा संप आहे."

"आई, घरी जा."

"कधीपासून आहे?"

"आठपासून."

"आणि कधीपर्यंत?"

"नऊपर्यंत."

"नऊ एप्रिल?"

"नऊ वाजेपर्यंत, आई."

आईनं काखेतला कोन हातात घेतला. एवढं दुःख मी तिच्या तोंडावर फार वेळा पाहिलेलं नाही. "आमच्यात तासाभरात चपला पण काढून होत नव्हत्या," ती म्हणाली आणि पदर खोचून कामाला लागली. आधी तिनं कापडाचं सुटलेलं टोक खांबाला बांधलं. मग दुसरं टोक दुसऱ्या खांबाला. मग पक्कं व्हावं म्हणून ह्या खांबाकडून त्या खांबाकडे आणखी एक फेरा, वरून एक, खालून एक. आईचा हात सुतावर एकदा फिरायला लागला की थांबत नाही, ती जन्माची सवय. फुमिको-सान कोन धरून तिच्या पाठोपाठ चालत होत्या. लोक आदरानं बाजूला सरकत होते. कुणी विचारलं नाही, हे काय चाललंय. भारतातून आलेली म्हातारी काहीतरी विधी करते आहे, हे सगळ्यांना दिसत होतं.

नऊ वाजले. कातो-साननी सगळ्यांचे आभार मानले, मुठी वर करून तीनदा 'गानबारो' म्हणजे 'जोर लावू या' असं हळूच म्हणून झालं. पट्ट्या काढून घड्या घातल्या. संप संपला. सगळे आत जायला वळले आणि थांबले. गेट आडवं बंद होतं, पांढऱ्या सुतानं, गुडघ्यापासून छातीपर्यंत.

आता हे सूत चिमटीत धरून कुणालाही तोडता आलं असतं. माझ्या इराला आलं असतं. पण इथं देवळात जुन्या झाडांना असाच दोर गुंडाळलेला असतो, आणि त्याला कुणी हात लावत नाही. बाहेरचे आत जाईनात, आतले बाहेर येईनात. लोकरीचा ट्रक आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवायच्या बेतात होता, त्यानं सूत पाहिलं, खाली उतरला, टोपी काढली आणि सुतापुढे वाकला.

ओगुरा-सान माझ्याकडे वळले. "माने-सान, आईंना विचाराल का? हे तोडलं तर चालेल का?"

मी विचारलं. आई खांबाजवळच्या कठड्यावर बसली होती. तिनं साहेबाकडं वर बघितलं, बराच वेळ.

"नाही म्हणावं. आधी घरांचं काय ठरलं ते सांगा."

"आई, ते आत्ता नसतं ठरत. वरच्या ऑफिसला विचारावं लागतं."

"मग विचारा म्हणावं. मला कुठं गडबड आहे? भाजी चिरून आलेय."

हे वाक्य मी जपानीत सांगितलं. साहेबाशी बोलताना इथं क्रियापदाला इतकी वस्त्रं नेसवावी लागतात की आईच्या चार शब्दांचा चांगला परिच्छेद झाला. त्यात दोनदा क्षमस्व होतं आणि एकदा हवामानाचा उल्लेख. ओगुरा-साननी डोळे मिटून दातांतून हवा ओढली.

"दाढ दुखतेय का त्यांची?" आईनं विचारलं. "लवंग आहे माझ्याकडं."

मग फोन सुरू झाले. ओगुरा-सान नागोयाच्या ऑफिसला समजावून सांगत होते आणि मी शेजारी ऐकत होते. हो, संप संपला. नाही, आत कुणी आलेलं नाही. सूत आहे. भारतीय सूत. नाही, कुणाला बांधलेलं नाही. नाही, आईंचा राग दिसत नाही, त्या संत्रं खातायत. तोडायची हरकत कुणाचीच नव्हती, पण तोडा असं लिहून त्यावर आपला शिक्का मारायला वरपर्यंत एकही माणूस तयार होईना. उद्या कुणाचा माग बंद पडला, कुणाची सून आजारी पडली, तर? त्यापेक्षा चाळ तूर्त न पाडण्याच्या कागदावर शिक्का मारणं सगळ्यांना सोपं वाटलं. साडेअकराच्या सुमारास निरोप आला. जोवर कामगारांपैकी कुणाला तिथं राहायचं आहे, तोवर चाळ राहील.

मी आईला सांगितलं. फुमिको-सानला सांगायची गरज पडली नाही, त्या खाली बसून तोंड झाकून रडत होत्या आणि ह्या वेळी त्यांनी परागांचं नाव काढलं नाही. मीही साहेबाशेजारीच उभी आहे हे साफ विसरून टाळ्या वाजवल्या. आईनं सूत तोडलं नाही. एकेक फेरा उलगडून कोनावर परत गुंडाळलं. सगळ्या मिलनं ते संपेपर्यंत उभं राहून पाहिलं. म्हणजे एक तासाचा संप जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोचला, आणि त्यातला शेवटचा भाग तर निव्वळ आईच्या काटकसरीमुळे.

नवरा महिनाभर आईशी तुटकपणे बोलत होता. आईला कारण कळलं नाही. तिला वाटलं, ऑफिसात ताण असेल.

साकुरा झडला, कोवळे बांबू बाजारात आले, आणि पावसाळ्याआधी आई परत गेली. त्यानंतर ओळीतली दोन घरं रिकामी झाली आहेत. फुमिको-सान मात्र आहेत. मुलगा इचिकावाहून दर वर्षी न्यायला येतो, त्या त्याला जेवायला घालून परत पाठवतात.

परवा ती गुलाबी कोटवाली टीव्हीवर दिसली म्हणून मी आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, बघ, तुझा मोसम आला. ती ज्वारी पाखडत होती. गप्पा निघाल्या आणि मी सहज विचारलं, "आई, त्या दिवशी तू मुद्दामच गेट बांधलं होतंस ना?"

"नाही गं. कापड पडत होतं म्हणून बांधलं."

"मग नाही का म्हणालीस? तोडू का, एवढंच तर त्यांनी विचारलं."

आईचा हात थांबला.

"क्वार्टर खाली करायला गिरणीचा माणूस आला, तेव्हा मी भाकरी थापत होते," ती म्हणाली. "तू शाळेत होतीस. तो सरळ आत आला आणि भांडी बाहेर ठेवायला लागला. आत येऊ का, एवढं जरी विचारलं असतं ना, तर मी नाही म्हणणार होते. आठ दिवस मनाशी घोकत होते, त्यानं विचारलं की नाही म्हणायचं. त्यानं विचारलंच नाही. तो 'नाही' तसाच पडून होता माझ्याकडं. तुझ्या साहेबानं विचारलं, म्हणून त्याला देऊन टाकला."

आणि तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.